सख्ख्या भावाची कातडी बहिणीच्या अंगावर का टिकली नाही? हे कोडं सोडवणाऱ्या पीटर मेडावर यांची गोष्ट

सोलापूरहून अक्कलकोटला निघालात की वाटेत वळसंग लागतं. या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, गावठी बोरीवर चांगल्या जातीच्या बोराचा डोळा कसा भरायचा हे तो तुम्हाला सहज सांगेल. साल चिरायची, डोळा बसवायचा, पट्टीनं घट्ट बांधायचं. डोळा फुटला की त्याच गावठी झाडाला मोठाली गोड बोरं लागतात. मुळं एका झाडाची, फांदी दुसऱ्याची आणि तरी दोघांचा संसार सुखाचा.

माणसाचं मात्र असं होत नाही. एकाच्या अंगावरचा कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावला तर तो आठवडाभर छान दिसतो. मग काळवंडतो आणि गळून पडतो. अगदी सख्ख्या भावाचा असला तरी.

असं का होतं, हे १९४० पर्यंत जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. आज किडनी, लिव्हर, हृदय बदलता येतं आणि प्रयोगशाळेत तयार केलेल्या मेंदूच्या पेशी पार्किन्सनच्या रुग्णाच्या डोक्यात सोडण्याचे प्रयोगही सुरू आहेत. या सगळ्यांच्या वाटेत एकच अडथळा आहे. शरीर परक्या पेशींना ओळखतं आणि हाकलून देतं. यालाच डॉक्टरांच्या भाषेत रिजेक्शन म्हणतात.

ते नेमकं काय असतं, हे ज्यानं सिद्ध केलं तो माणूस डॉक्टर नव्हता. तो प्राणीशास्त्र शिकलेला होता. नाव पीटर मेडावर.

आधी थोडं पुण्याबद्दल

मेडावर यांच्याकडे जाण्याआधी दीडशे वर्षं मागे जाऊ. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान होता. तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. साधारण वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभारानं त्याच्या कपाळावरची कातडी सोडवून, वळवून, त्याला नवं नाक तयार करून दिलं. १७९३ मधल्या या शस्त्रक्रियेची बातमी कावसजीच्या चित्रासह १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जन मंडळींनी ती पद्धत उचलली.

आता यातली खरी गोम बघा. कावसजीचं नाक टिकलं, कारण कातडी त्याची स्वतःची होती. तीच कातडी शेजारच्या माणसाच्या कपाळावरून घेतली असती तर नाक दोन-तीन आठवड्यांत गळून पडलं असतं. आपलं टिकतं आणि परक्याचं टिकत नाही, एवढं सर्जनना अनुभवानं कळत होतं. पण शरीर हा भेद करतं कसा, हे सांगणारा माणूस यायला अजून वेळ होता.

ब्राझीलमध्ये जन्म, ऑक्सफर्डमध्ये शिक्षण

पीटर ब्रायन मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ चा, ब्राझीलमधला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. शिक्षणासाठी पीटरला इंग्लंडला पाठवलं गेलं. मार्लबरो कॉलेज नावाच्या बड्या शाळेत त्याचं नाव घातलं, पण ती शाळा त्याला कधीच आवडली नाही. जीवशास्त्र मात्र आवडलं.

१९३२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात गेला आणि प्राणीशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाला. पुढे हॉवर्ड फ्लोरी यांच्या विभागात संशोधन सुरू केलं. हे फ्लोरी म्हणजे पेनिसिलीनचं औषध प्रत्यक्षात आणणारे. १९३७ मध्ये जीन टेलर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. जीन यांनी नवऱ्याला आयुष्यभर कशी साथ दिली, ते पुढे येईलच.

सहा फुटांहून उंच, क्रिकेटचे आणि ऑपेराचे शौकीन आणि गप्पांत कुणाला हार न जाणारे असे हे मेडावर. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं.

एक विमान कोसळलं

१९४० च्या उन्हाळ्यातला एक रविवार. मेडावर कुटुंब ऑक्सफर्डमधल्या आपल्या घराच्या बागेत होतं. अचानक एक बॉम्बर विमान खाली आलं आणि जवळच्याच एका घराच्या बागेत कोसळून पेटलं. विमान ब्रिटिशांचंच होतं. आतला तरुण वैमानिक जिवंत सापडला, पण त्याच्या शरीराचा मोठा भाग खोलवर भाजला होता.

पूर्वी असा रुग्ण काही दिवसांतच दगावायचा. पण तोवर रक्त आणि प्लाझ्मा चढवण्याची सोय झाली होती, जंतुसंसर्गावर सल्फाची औषधं आली होती. त्यामुळे भाजलेली माणसं जगायला लागली होती. नवी अडचण अशी की, उघड्या जखमा झाकायला कातडीच शिल्लक नसायची. स्वतःची घ्यावी तर ती जळालेली आणि दुसऱ्याची लावावी तर ती टिकत नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मेडावर यांना गाठलं आणि काही सुचतंय का विचारलं. त्यांनी प्रयत्न केले. थोड्याशा कातडीच्या पेशी सुट्या करून जखमेवर पसरता येतील का, तेही पाहिलं. काही जमलं नाही. पण प्रश्न डोक्यात बसला तो कायमचा.

ग्लासगोमधली बहीण आणि तिचा भाऊ

युद्धात भाजलेल्यांची संख्या वाढत होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं मेडावर यांना ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत पाठवलं. तिथं टॉम गिब्सन नावाचे सर्जन भाजलेल्या रुग्णांवर उपचार करत होते.

त्यांच्याकडे २२ वर्षांची एक तरुणी दाखल होती. तिला फिट यायची. फिट आली असतानाच ती गॅसच्या शेगडीवर पडली आणि भाजली. गिब्सन आणि मेडावर यांनी तिच्या जखमेवर कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. काही तिच्याच मांडीचे, काही तिच्या सख्ख्या भावाचे. मग दर थोड्या दिवसांनी त्यातले नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली.

सुरुवातीला दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. दोन्हींना रक्तपुरवठा सुरू झाला, दोन्ही रुजले. मग भावाच्या तुकड्यांमध्ये पांढऱ्या पेशी गोळा व्हायला लागल्या आणि दोन-तीन आठवड्यांत ते नष्ट झाले. तिचे स्वतःचे तुकडे मात्र टिकले.

खरी गंमत पुढे आहे. दोघांनी त्याच भावाची कातडी त्याच तरुणीला दुसऱ्यांदा लावली. या खेपेला तुकडे पहिल्यापेक्षा खूप लवकर नष्ट झाले.

याचा अर्थ काय? कातडी आपोआप मरत असती तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागायला हवा होता. दुसऱ्यांदा घाई झाली, म्हणजे शरीरानं त्या भावाला लक्षात ठेवलं होतं. गोवर एकदा होऊन गेला की पुढच्या वेळी शरीर त्याच्या विषाणूला लगेच ओळखतं, अगदी तसंच. म्हणजे परकी कातडी हाकलणारी आणि रोगांशी लढणारी यंत्रणा एकच होती. ती म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्ती.

१९४३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मेडावर तेव्हा फक्त २८ वर्षांचे होते.

एका रुग्णावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं त्यांना पटेना. ऑक्सफर्डला परतून त्यांनी २५ ससे घेतले आणि प्रत्येकाची कातडी प्रत्येकाला लावली. एकूण ६२५ शस्त्रक्रिया झाल्या. निकाल तोच आला. स्वतःची टिकते, परक्याची जाते आणि दुसऱ्यांदा आणखी लवकर जाते.

आज आपल्याला यामागचं कारणही माहीत आहे. आपल्या पेशींवर एचएलए नावाचे प्रथिनांचे बिल्ले असतात. ते आईवडिलांकडून येतात. पांढऱ्या पेशींमधल्या टी पेशी हे बिल्ले तपासत फिरतात आणि अनोळखी बिल्ला दिसला की हल्ला चढवतात. सख्ख्या भावंडांमध्येही हे बिल्ले पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. जुळे एकसारखे असतील तरच सगळं जुळतं.

मेंदूत लावलेली कातडी

आता येतो मेडावर यांचा तो प्रयोग, ज्याची आठवण आज मेंदूवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला काढावी लागते.

शरीरातल्या सगळ्याच जागा सारख्या कडक आहेत का, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी सशांच्या कातडीचे बारीक तुकडे दुसऱ्या सशांच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवले. १९४८ मध्ये निकाल छापून आले.

मेंदूत ठेवलेली परकी कातडी टिकली. शरीराला तिचा पत्ताच लागला नव्हता. पण त्याच सशाच्या अंगावर आधी त्याच परक्या सशाची कातडी लावलेली असेल, म्हणजे शरीर आधीच सावध झालेलं असेल, तर मेंदूतला तुकडाही नष्ट होत होता.

हे नीट समजून घ्यायला हवं. मेंदूत आलेला पाहुणा स्वतःहून गजर वाजवत नाही. पण गजर दुसरीकडे वाजला, तर पहारेकरी मेंदूतही पोचतात.

पुढे बराच काळ यातला पहिला अर्धा भागच लोकांच्या लक्षात राहिला. मेंदूला रोगप्रतिकारशक्तीचे नियम लागू नाहीत, अशी समजूत झाली. मेडावर यांच्या निकालात दुसरा अर्धाही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेला होता.

जुळ्या वासरांनी दिलेला धडा

१९४७ मध्ये मेडावर बर्मिंगहॅममध्ये प्राध्यापक झाले होते. १९४८ साली स्टॉकहोमच्या एका परिषदेत एका शास्त्रज्ञानं त्यांना विचारलं की, जुळी वासरं एकाच बीजापासून झालीत की दोन वेगळ्या, हे ओळखायचं कसं? मेडावर म्हणाले, सोपं आहे, एकमेकांची कातडी लावून बघा. टिकली तर एकसारखी जुळी.

बोलून अडकले. कारण मग ते काम त्यांनाच करावं लागलं. रूपर्ट बिलिंगहॅम या सहकाऱ्याला घेऊन ते गोठ्यात पोचले आणि वासरांच्या कातड्यांची अदलाबदल केली. निकाल पाहून दोघेही चक्रावले. जवळजवळ सगळ्याच जोड्यांमध्ये कातडी टिकली. एक कालवड आणि एक गोऱ्हा अशी जोडी असली, म्हणजे ती एकसारखी असणं शक्यच नसलं, तरीही.

उत्तर अमेरिकेतल्या रे ओवेन यांच्या १९४५ मधल्या संशोधनात होतं. गाईच्या पोटात जुळ्या वासरांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जन्माआधीच दोघांचं रक्त मिसळतं. शरीर अजून आपलं-परकं शिकत असतं, त्याच वेळी भावंडाच्या पेशी येऊन राहतात आणि शरीर त्यांनाही आपलंच मानायला लागतं.

हे मुद्दाम घडवता येईल का? १९५१ मध्ये मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. तिथं त्यांनी बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांच्यासोबत उंदराच्या गर्भातल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना त्याच जातीची कातडी लावली. ती टिकली. १९५३ मध्ये हे नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. परक्याला स्वीकारायला शरीराला शिकवता येतं, याचा हा पहिला पुरावा होता.

१९६० मध्ये मेडावर यांना ऑस्ट्रेलियाच्या मॅकफर्लेन बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं. हा मान बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांचाही आहे, असं त्यांचं मत होतं. ते नुसतं बोलून थांबले नाहीत, तर आपल्या वाट्याच्या पैशातून त्यांनी दोघांना हिस्सा दिला.

उपयोग काय, शून्य?

मेडावर यांचं एक व्याख्यान ऐकायला रॉय कॅल्न नावाचा तरुण बसला होता. याचा रुग्णांना काही उपयोग होईल का, असं कुणीतरी विचारलं. मेडावर यांनी अजिबात नाही असं उत्तर दिल्याचं कॅल्न पुढे सांगत. गर्भातल्या उंदराला टोचता येतं, मोठ्या माणसाचं काय करणार, हा त्यामागचा विचार.

कॅल्न यांनी हे उत्तर मनावर घेतलं नाही. रोगप्रतिकारशक्ती शिकवता येत नसेल तर औषधानं दाबून ठेवू, या वाटेनं ते गेले आणि ट्रान्सप्लांटच्या जगातलं मोठं नाव झाले.

दरम्यान २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. त्याआधी दोघांची कातडी एकमेकांना लावून ते खरंच एकसारखे जुळे आहेत का, याची खात्री करून घेतली होती.

मुंबईतही ही लाट पोचली. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं. जगात ही शस्त्रक्रिया करणारे ते चौथे सर्जन. रुग्ण काही तासच जगला. जगभर त्या काळात हृदय बदललेल्यांपैकी फार थोडे रुग्ण दीर्घकाळ जगले आणि रिजेक्शन हे त्याचं एक मोठं कारण होतं. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाताशी आलं, तेव्हा कुठे चित्र बदललं.

स्वतःच्याच मेंदूवर घाला

१९६२ पासून मेडावर लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चचे संचालक होते. १९६५ मध्ये सर झाले. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष म्हणून एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये वाचन करत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय ५४.

डावी बाजू लुळी पडली. मेंदूतल्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येणार नव्हत्या. ज्या माणसानं मेंदूत परकी कातडी जगवून दाखवली होती, त्याच्या स्वतःच्या मेंदूसाठी लावायला काहीच उपलब्ध नव्हतं.

पण त्यांनी काम सोडलं नाही. जीन यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मदतीनं ते प्रयोगशाळेत जात राहिले. आणखी झटके आले, तरी लिखाण चालूच होतं. तरुण संशोधकांना सल्ला देणारं त्यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं, आत्मचरित्र १९८६ मध्ये. २ ऑक्टोबर १९८७ ला ते गेले.

त्याच वर्षी स्वीडनमधल्या लुंड इथं पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत मानवी गर्भातल्या चेतापेशी सोडण्याचे पहिले प्रयोग झाले.

मग आज गाडी कुठे आहे?

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतात, हालचाली मंदावतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या लावायच्या, ही कल्पना सरळ आहे. गर्भातल्या पेशी मिळवणं अवघड होतं. २००६-०७ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या कातडीच्या पेशीला मागे नेऊन मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल बनवण्याची युक्ती शोधली. त्यापासून चेतापेशी तयार करता येतात.

पण मेडावर यांचा १९४८ चा निकाल इथं आडवा येतो. पेशी सोडण्यासाठी मेंदूत सुई घालावी लागते. तिथल्या रक्तवाहिन्यांची संरक्षक भिंत त्या जागी मोडते. मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या पहारेकरी पेशी जाग्या होतात. चेतापेशींवर एचएलएचे बिल्ले एरवी कमी असतात, पण सूज आली की ते वाढतात. शिवाय मेंदूच्या आवरणातून बाहेरच्या लसिका ग्रंथींकडे जाणाऱ्या वाहिन्या असतात, हे २०१५ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे गजर वाजायला रस्ता आहे.

अमेरिकेत गर्भपेशींच्या एका चाचणीत रुग्णांना सहा महिने सायक्लोस्पोरिन दिलं गेलं. सुरुवातीला काहींना बरं वाटलं. औषध थांबल्यावर काही महिन्यांनी प्रकृती पुन्हा घसरली. २००३ मध्ये निकाल देताना संशोधकांनी रोगप्रतिकारशक्तीवर संशय घेतला. दुसरीकडे काही रुग्णांमध्ये अशा पेशी दोन दशकांहून जास्त टिकल्याचंही मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं. म्हणजे मेंदू सवलत देतो, पण माफी देत नाही.

आज यावर दोन मार्ग आहेत. एक, दात्याच्या पेशी वापरायच्या आणि औषधानं रोगप्रतिकारशक्ती काही काळ दाबायची. क्योटो विद्यापीठानं हेच केलं. त्यांच्या सात रुग्णांच्या चाचणीचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये आले. उपचारांमुळे गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत आणि काहींच्या हालचाली सुधारल्या. पण सात हा आकडा फार छोटा आहे.

दुसरा मार्ग कावसजीचा. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या, त्यांच्या मूलपेशी बनवायच्या, मग चेतापेशी आणि त्या त्यालाच द्यायच्या. अमेरिकेत एका रुग्णावर हे झालं आणि २०२० मध्ये त्याचा अहवाल आला. रिजेक्शनविरोधी औषध लागलं नाही. अडचण एवढीच की, प्रत्येक माणसासाठी वेगळ्या पेशी बनवायला बराच वेळ आणि प्रचंड पैसा लागतो.

हे आपल्याला का माहीत असायला हवं?

कारण स्टेम सेल हा शब्द आता जाहिरातीत आला आहे. लकवा, मणक्याची इजा, मुलांमधला सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, सगळ्यावर एकच इलाज असल्याचे व्हिडीओ मोबाईलवर येतात आणि घरात रुग्ण असेल तर माणूस शेत विकून लाखो रुपये उभे करतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना इथं स्पष्ट आहेत. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे रक्ताच्या आजारांवरचे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. मेंदूचे आजारही त्यातच येतात.

त्यामुळे कुणी असा इलाज सुचवला तर साधे प्रश्न विचारा. पेशी कुणाच्या आहेत? माझ्या की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या असतील तर शरीर त्या हाकलू नये म्हणून काय करणार? ती औषधं किती दिवस आणि त्या काळात जंतुसंसर्ग झाला तर काय? ही मंजूर ट्रायल आहे का? तिचा नोंदणी क्रमांक काय? ट्रायल असेल तर माझ्याकडून पैसे कशासाठी?

मेडावर यांनी एका भावाची कातडी दुसऱ्यांदा लावून बघितली, म्हणून यातले पहिले तीन प्रश्न आज आपल्याला विचारता येतात. समोरच्याकडे त्यांची उत्तरं नसतील, तर पैसे खिशातच ठेवा आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजी विभागात जाऊन दुसरं मत घ्या.